फोर पॉइंट, सिक्स पॉइंट की कंपनीचाच पट्टा : ट्रॅकवर जाणाऱ्या एका पोलोचं प्रकरण

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, आपल्या चाकणच्याच कारखान्यातली. मालक तिशीच्या आतबाहेरचा, नोकरी हिंजवडीत. आठवडाभर हीच गाडी ऑफिसला, अधूनमधून आईवडिलांना घेऊन साताऱ्याला आणि वर्षातून काही वेळा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी हौसेने ट्रॅकवर पळवायच्या दिवसाला. माझं काम गाड्या ट्रॅकसाठी तयार करून देण्याचं. तो माझ्याकडे आला तेव्हा पट्टा आधीच विकत घेतलेला होता. हिरवा, फोर पॉइंट हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून आणि कंबरेच्या दोन्ही बाजूंनी चार ठिकाणी बांधणारा शर्यतीचा पट्टा, वर एका नामांकित जपानी कंपनीचं नाव, ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळालेला.

“दादा, एवढा बसवून द्या. मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला लागतो म्हणे. काही कापाकापी नाही.”

त्याची गरज खरी होती. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा. वळणं लागोपाठ येतात आणि शरीर सीटमध्ये सारखं इकडून तिकडे घसरत राहतं. मग माणूस स्टिअरिंगला लोंबकळून स्वतःला सावरतो, हात जड होतात आणि गाडी काय सांगतेय ते हातांपर्यंत पोचतच नाही. त्याला हवा होता तो घट्टपणा. अपघाताचा विचार त्याच्या मनात फारसा नव्हता, आणि हार्नेस घ्यायला येणाऱ्या बहुतेकांचं असंच असतं. पट्टा घेतला जातो शरीर धरून ठेवायला. त्याची परीक्षा मात्र धडकेच्या वेळी होते, आणि तिथे नुसता घट्टपणा पुरत नाही.

हिरव्या पट्ट्याचा निकाल पाच मिनिटांत लागला. पट्टा अंगठ्याखाली दाबला तर मऊ लागला, विणीच्या मधून बोटाचा रंग दिसत होता. शिवण एका दिशेने गेलेली आणि टोकाला दोरा सुटलेला. हुक दाबून वाकवलेल्या पत्र्याचा. एफआयए, म्हणजे मोटर स्पोर्टची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या मान्यतेच्या खऱ्या पट्ट्यावर प्रत्येक तुकड्याला लेबल शिवलेलं असतं, त्यावर स्टँडर्डचा क्रमांक आणि कोणत्या वर्षानंतर वापरायचा नाही ते वर्ष छापलेलं असतं. इथे नुसतं कापडावर छापलेलं कंपनीचं नाव होतं. या नावाची नक्कल जगभर विकली जाते. तो पट्टा मी ठेवून घेतला. परत दिला असता तर कुणीतरी दुसऱ्याने बसवला असता.

पण खरा प्रश्न त्यापुढे सुरू होतो. “मग ओरिजिनल घेतो, पैसे जाऊ देत,” असं तो म्हणाला. ओरिजिनल फोर पॉइंट त्या गाडीत, त्या सीटवर, त्या बोल्टांवर बसवला असता तर तो गाडीतल्या मूळच्या थ्री पॉइंट पट्ट्यापेक्षा, म्हणजे कंबर आणि एक खांदा धरणाऱ्या नेहमीच्या सीट बेल्टपेक्षा, सुरक्षित ठरला असता का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते का, हे त्याला पटवण्यात आमचा बराच वेळ गेला.

धडकेचं गणित

निल्स बोहलिन यांनी व्होल्वोसाठी १९५९ मध्ये थ्री पॉइंट पट्टा आणला. आज गाडीत जो असतो तो नुसता पट्टा राहिलेला नाही. धडक बसताच प्रीटेन्शनर ढिलाई ओढून घेतो. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की लोड लिमिटर पट्टा थोडा सोडतो आणि छाती पुढे येऊन एअरबॅगला टेकते. पट्टा, सीट, एअरबॅग आणि स्टिअरिंग कॉलम या सगळ्यांची एकत्र चाचणी झालेली असते. त्यातला एक भाग बदलला की बाकीच्यांचा हिशेबही बदलतो.

आम्ही कागदावर आकडे मांडले. ताशी ६० किलोमीटरने गाडी थेट भिंतीवर गेली आणि बॉनेट चेमटून पट्ट्यातला माणूस साधारण ०.६ मीटरमध्ये थांबला, असं धरा. सरासरी मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, साधारण २३ ते २४ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) येतं. ७५ किलोच्या माणसाला धरून ठेवायला पट्ट्यांवर मिळून पावणेदोन टनांच्या आसपास ओढ येते. हा झाला सरासरी आकडा, शिखर याच्या बरंच वर जातं. आता डोकं आणि हेल्मेट मिळून साडेसहा किलोच्या जवळपास. त्याच क्षणी ते दीडशे किलोच्या ओढीने पुढे जाऊ पाहतं, आणि त्याला धरणारं काय असतं? फक्त मान.

थ्री पॉइंटमध्ये धड थोडं वळतं, थोडं पुढे येतं, डोकं त्याच्या बरोबर येतं आणि एअरबॅग ते झेलते. हार्नेसमध्ये दोन्ही खांदे सीटला जखडलेले. धड जागच्या जागी थांबतं, डोकं थांबत नाही. हार्नेस जितका चांगला आणि जितका घट्ट, तितका सगळा भार मानेवर. ‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ हे मनात इतकं पक्कं असतं की हा मुद्दा बहुतेकांना उलटा वाटतो. त्यालाही वाटला.

म्हणून मी त्याला डेटोनाचं प्रकरण सांगितलं. १८ फेब्रुवारी २००१, अमेरिकेतल्या डेटोना ५०० शर्यतीची शेवटची फेरी. नामवंत रेसर डेल अर्नहार्ट यांची गाडी भिंतीला धडकली आणि ते गेले. मृत्यूचं कारण कवटीच्या तळाच्या हाडाचं फ्रॅक्चर. टीव्हीवर पाहताना धडक तेवढी भीषण वाटली नव्हती. त्यांच्या कंबरेचा डावा पट्टा तुटलेला आढळला. ऑगस्ट २००१ मध्ये नासकारने, म्हणजे ही शर्यत चालवणाऱ्या संघटनेने, चौकशीचा अहवाल मांडला. त्यात पट्टा अॅडजस्टरमध्ये एका कडेला गोळा होऊन फाटल्याचं म्हटलं होतं. पट्टा बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की तो दिलेल्या सूचनांप्रमाणे बसवलेलाच नव्हता. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी दोन गोष्टी उरतात. पट्टा कितीही नावाजलेला असो, ओढीची दिशा आणि ब्रॅकेटची दिशा जुळली नाही तर तो सपाट राहत नाही, एका कडेवर येतो आणि तिथून फाटू शकतो. दुसरी गोष्ट मानेची. डोकं धरून ठेवणारं हान्स हे उपकरण तेव्हा अस्तित्वात होतं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीचे रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी ते १९८० च्या दशकातच बनवलं होतं. पण ते अवजड वाटतं म्हणून बहुतेक ड्रायव्हर वापरत नव्हते. अर्नहार्ट यांच्या अगोदरच्या वर्षी अॅडम पेटी आणि केनी अर्विन हे रेसरही डोक्याच्या अशाच दुखापतीने गेले होते. नासकारने मान आणि डोकं धरणारं उपकरण सक्तीचं केलं ते ऑक्टोबर २००१ मध्ये. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचं झालं.

हे ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे हार्नेस घ्यायचा तर हान्सही घ्यायचं.” बरोबर. आणि हान्स घ्यायचं तर त्याला दोन्ही खांद्यांवरून जाणारे पट्टे लागतात, ते ठरावीक कोनात लागतात, आणि तो कोन मिळायला मागे काहीतरी भक्कम लागतं.

त्याच्या गाडीत मोजलं ते

आम्ही त्याला त्याच्या नेहमीच्या पोझिशनमध्ये बसवलं, खांद्यापासून मागच्या बेंचच्या खालच्या बोल्टपर्यंत सुतळी ताणली आणि तिच्यावर मोबाइलचा अँगल मीटर टेकवला. ३४ अंश. एफआयएच्या नियमात, परिशिष्ट जे च्या कलम २५३ मध्ये, पाठीच्या वरच्या कडेपासून खांद्याचे पट्टे आडव्या रेषेच्या खाली ४५ अंशांपेक्षा जास्त जाऊ नयेत असं आहे, आणि १० अंशांच्या आत ठेवा अशी शिफारस आहे. हान्स असेल तर शून्य ते २० अंश. म्हणजे ३४ अंश नियमाच्या कमाल मर्यादेत बसतात, हान्ससाठी मात्र नाहीत.

नियमात बसतं म्हणून चालवून घ्यावं, असं मला वाटत नाही. पट्टा मागून खाली जात असेल तर धडकेच्या वेळी तो खांद्याला खालीही दाबतो आणि तो दाब थेट मणक्यावर येतो. ३४ अंशांत पट्ट्यातल्या ताणाचा अर्ध्याहून जास्त भाग खाली दाबण्यात जातो, १० अंशांत साधारण सहावा हिस्सा. शिवाय खांद्यापासून मागच्या फ्लोअरपर्यंत मीटरभर लांब पट्टा. लांब पट्टा जास्त ताणतो, आणि जितका ताणेल तितकं डोकं स्टिअरिंगकडे जाईल.

पुढचा अडथळा सीटचा होता. कंपनीच्या सीटला खांद्याच्या पट्ट्यांसाठी खाचा नसतात. पट्टे हेडरेस्टच्या दोन्ही बाजूंनी मोकळे राहतात आणि तिरक्या धडकेत खांद्यावरून घसरतात. पाठ मागेपुढे होणारी, म्हणजे ती जिथे धरलेली आहे तो रिक्लायनरच ताकदीची मर्यादा. मागून धडक बसून पाठ कलली की हार्नेस ढिला पडतो. आणि दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याला सीटच्या तळाला भोक नाही.

तो पायांमधला पट्टा हा फोर पॉइंटचा मूळ दोष आहे. फोर पॉइंटमध्ये खांद्याचे पट्टे पोटावरच्या बकलला जोडलेले असतात. धडकेत ते ताणले की बकल वर ओढलं जातं. बकल वर गेलं की कंबरेचा पट्टा जांघेतून, ओटीपोटाच्या हाडावरून सरकून मऊ पोटावर येतो आणि माणूस त्याच्या खालून पुढे घसरतो. हाड जो भार सहज पेलतं तो मग आतडी, यकृत आणि मणक्यावर येतो. सिक्स पॉइंटमधले पायांमधले दोन पट्टे बकल खाली धरून ठेवतात, कंबरेचा पट्टा हाडावरच राहतो. एफआयएचा नियमही स्पष्ट आहे: कंबरेचा पट्टा पोटावर कधीही नको.

त्याने मध्येच विचारलं, जर्मनीच्या श्रोथचे फोर पॉइंट रस्त्यावरही चालतात, त्यांचं काय? प्रश्न चांगला होता. श्रोथच्या त्या पट्ट्यांत खांद्याच्या एका पट्ट्याला दुमडून शिवलेला भाग असतो. धडकेत ती शिवण उलगडते, तो खांदा थोडा जास्त पुढे जातो, धड वळतं आणि बकल वर खेचलं जात नाही. विचारपूर्वक केलेली रचना आहे. कंपनीच्या सीटवरच हार्नेस लावायचा हट्ट असेल तर मी फक्त याच रस्त्याचा विचार करेन, तोही श्रोथने त्या गाडीसाठी आणि त्या सीटसाठी परवानगी दिली असेल तर. पण त्याच्याकडे हेल्मेट होतं आणि मानेसाठी काहीच नव्हतं.

आणि सगळ्यात अवघड मुद्दा छताचा. गाडी उलटली, छत खाली दबलं, तर थ्री पॉइंटमधला माणूस आपोआप बाजूला कलतो. हार्नेसमधला ताठ बसलेला राहतो, डोकं छताच्या वाटेत. म्हणून हार्नेसबरोबर रोल बार, म्हणजे छत दबू न देणारी पोलादी पाइपची कमान, लागतो. पण रोल बार रोजच्या गाडीत टाकणं हेही धोक्याचंच. साताऱ्याच्या वाटेवर मागच्या सीटवर बसलेल्या आईच्या डोक्यापाशी पोलादी पाइप, आणि डोक्यावर हेल्मेट नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत. मूळचा पट्टा काढून टाकणं तर प्रश्नच नाही. पट्टा न लावण्याला कलम १९४ ब खाली हजार रुपये दंड आहे, पण दंड ही त्यातली सर्वांत छोटी गोष्ट. इनर्शिया रील (हलताना पट्टा सोडणारी, झटक्यात लॉक होणारी गुंडाळी) नसलेला हार्नेस रस्त्यावर लावला की हात डॅशबोर्डपर्यंत पोचत नाही, मग माणूस तो ढिला ठेवतो. ढिला हार्नेस लावून धडकणं फार वाईट.

पहिला निर्णय

रस्त्याच्या गाडीत हार्नेस बसवायचा नाही. कंपनीचा थ्री पॉइंट, प्रीटेन्शनर आणि एअरबॅग जसेच्या तसे ठेवायचे.

त्याची निराशा चेहऱ्यावर दिसत होती आणि मला ती समजत होती, कारण घसरण्याचा त्रास तसाच राहणार होता. म्हणून आधी त्याचे सीट कव्हर काढले. गाडी घेताना डीलरकडून बसवलेले गुळगुळीत रेक्झिनचे कव्हर. खाली कंपनीचं कापड होतं, ते अंग धरतं. डावा पाय फूटरेस्टवर रोवून उजवी मांडी दाराला टेकवायची सवय लावली. आणि पट्टा घट्ट करायची जुनी युक्ती: सीट थोडी मागे घ्यायची, बकल लावायचं, खांद्याचा पट्टा झटका देऊन लॉक करायचा आणि तो ताणलेला धरूनच सीट पुढे आणायची. कंबरेचा पट्टा खाली, हाडावर. पुढच्या ट्रॅक डेला घसरणं बरंच कमी झाल्याचं त्याने फोनवर सांगितलं. पूर्ण गेलं नाही, आणि जाईल असं मी म्हणालोही नव्हतो.

एक गोष्ट बोलता बोलता निघाली, ती सगळ्यांनी ऐकावी. आपल्याकडच्या मोटार विमा पॉलिसीत संघटित शर्यत, स्पीड टेस्टिंग वगैरे वापर वगळलेले असतात. ट्रॅकवर गाडी ठोकली तर विमा मिळेल या भरवशावर कुणी जाऊ नये.

दुसरी गाडी

वर्षभरात त्याचा नाद वाढला, कमी झाला नाही. मग त्याने योग्य तो रस्ता धरला. इंजिन गेलेली पण पत्रा सरळ असलेली एक जुनी पोलो घेतली, नोंदणी रद्द करून घेतली आणि ती फक्त ट्रॅकसाठी ठेवायची ठरवली. पुण्याहून कोइमतूर अकराशे किलोमीटरच्या पुढे, दरवेळी फ्लॅटबेडवर नेणं परवडणारं नाही, म्हणून गाडी तयार झाल्यावर तिकडच्याच एका गॅरेजमध्ये ठेवायची व्यवस्था केली.

या गाडीत क्रम उलटा लावला. हार्नेस सर्वांत शेवटी. आधी रोल बार: मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या सीमलेस पाइपची, फ्लोअरला प्लेट देऊन. मग एफआयए मान्यतेची फिक्स्ड बकेट सीट, म्हणजे पाठ न कलणारी खोलगट सीट. तो हेल्मेट आणि हान्स घालून तिच्यात बसला, त्याच्या खांद्याची उंची घेतली, आणि मगच खांद्याच्या पट्ट्यांसाठीची आडवी पाइप वेल्ड केली. कोन ११ अंश आला. ही पाइप आधी वेल्ड करून मग सीट आणली तर कोन नशिबावर सोडल्यासारखं होतं, आणि मी अशा गाड्या पाहिल्या आहेत.

पट्टा ऑर्डर करण्यापूर्वी जुन्या नायलॉनच्या पट्टीने सगळे मार्ग लावून पाहिले. याचा फायदा लगेच दिसला. कंबरेचा अॅडजस्टर नेमका सीटच्या बाजूच्या खाचेच्या कडेवर येत होता. तिथे तो अडकला असता, पट्टा ओढला तरी घट्ट झालाच नसता. अँकर थोडा पुढे घेतल्यावर अॅडजस्टर खाचेच्या आत, मांडीच्या बाजूला आला.

अँकरचं काम सगळ्यात जास्त वेळखाऊ निघालं. बाहेरच्या बाजूला बी पिलरच्या (पुढच्या दारामागच्या खांबाच्या) पायथ्याशी कंपनीचा भक्कम बोल्ट आहे. आतल्या बाजूला मात्र मूळ बकल सीटलाच जोडलेलं असतं, आणि एफआयए सीटला किंवा सीटच्या ब्रॅकेटला हार्नेस जोडू देत नाही. कारण उघड आहे: सीट उखडली तर माणूसही तिच्याबरोबर. मग फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याच्या, ज्याला आम्ही बोगदा म्हणतो, पत्र्याला आतून किमान ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची, ३ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट देऊन नवा अँकर केला. नियमाप्रमाणे असा प्रत्येक अँकर १४७० डेकान्यूटन, म्हणजे दीड टनाच्या आसपास ओढ पेलणारा हवा, पायांमधल्या पट्ट्यांचा ७२० डेकान्यूटन. बोल्ट ८.८ ग्रेडचे. प्रत्येक ब्रॅकेट सैल ठेवून पट्टा ताणला, ब्रॅकेट ओढीच्या रेषेत आला की मग आवळला. डेटोनाच्या अहवालाची आठवण याच क्षणी ठेवायची असते.

पट्ट्याची निवड आता सोपी झाली होती. सिक्स पॉइंट, एफआयए ८८५३-२०१६. अमेरिकेच्या एसएफआय स्टँडर्डचे पट्टे स्वस्त पडत होते, पण त्यांची मुदत उत्पादनापासून २ वर्षं आणि एफआयएची ५. आपल्याकडच्या स्पर्धा चालवणारी एफएमएससीआय एफआयएशी संलग्न आहे, त्यामुळे उद्या स्पर्धेत उतरला तरी तोच पट्टा स्क्रूटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीत, चालेल. खांद्यावर २ इंची पट्टे, कारण हान्सच्या खांद्यांवर ते नीट बसतात. कंबरेलाही २ इंचीच. तो बारीक अंगाचा आहे, ३ इंची पट्टा त्याच्या जांघेच्या घडीत बसत नव्हता, वरची कड पोटाकडे येत होती. अॅडजस्टर वर ओढून घट्ट होणारे, कारण बकेट सीटच्या भिंतींमध्ये कोपर मागे न्यायला जागाच नाही. खांद्याचे पट्टे पाइपला गुंडाळून, तीन दांड्यांच्या बकलमधून परत माघारी ओवून घेतले. ही माघारी ओवण्याची पायरी विसरली तर पट्टा हळूहळू सरकत राहतो, आणि बाहेरून पाहताना काहीच चुकलेलं दिसत नाही.

शेवटी त्याच्याकडून बसण्याउतरण्याचा सराव करून घेतला. आधी कंबरेचा पट्टा, पूर्ण ताकदीने. मग पायांमधले. खांद्याचे सगळ्यात शेवटी, कारण ते आधी ओढले तर बकल वर येतं आणि कंबर सैल राहते. नंतर हेल्मेट-हान्ससकट, डोळे मिटून, बकल फिरवून दाराबाहेर पडणं. पहिल्या वेळी हान्सचा पट्टा सीटच्या कानात, म्हणजे डोक्याच्या बाजूला पुढे आलेल्या कडेत, अडकला. तो मोकळा होईपर्यंत गेलेला वेळ आग लागलेल्या गाडीत नसतो, म्हणून शरीराला सवय होईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा केलं.

शेजारच्या सीटचा प्रश्न निघालाच. त्याला मित्रांना फेरी मारून आणायची होती. पोर्शे क्लब ऑफ अमेरिकेच्या ट्रॅक कार्यक्रमांत ड्रायव्हरला जो पट्टा, तोच शेजारी बसणाऱ्यालाही असला पाहिजे असा नियम आहे आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. दुसरी बकेट सीट, दुसरा हार्नेस, दुसरं हान्स यांचा खर्च त्याच्या आवाक्यात नव्हता. त्या बाजूची सीट आम्ही काढून टाकली आणि फ्लोअरवरची तिची बोल्टांची भोकं बंद केली.